सांधा

चार-सहा मैत्रिणींनी मिळून चिखलदऱ्याला जायचं, दोन-तीन दिवस एखादं घर घ्यायचं आणि त्यांच्यातल्याच एकीने बाकीच्यांना हाताने काहीतरी करायला शिकवायचं, असा सुट्टीचा प्रकार नागपुरात आता अनोळखी राहिलेला नाही. शिकवायला बहुधा मिश्र माध्यम निवडतात: कागद, कापड, बांबूची काडी, तार, माती, जुन्या साडीचा काठ, मणी, वाळलेली शेंग. कुणीच कुठल्या एका कलेत पारंगत असावं लागत नाही, म्हणून हा विषय अशा शिबिराला सोयीचा समजला जातो. मला तो सोयीचा वाटत नाही. तो अवघड आहे, आणि त्यातली अवघड जागा नेमकी दाखवता येते. दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू जिथे एकमेकींना धरतात, ती ही जागा. कागद बांबूला कसा धरतो, माती तणसावर कशी बसते, तार लाकडात शिरते तेव्हा लाकूड काय करतं, हे प्रश्न तिथे उभे राहतात. मित्रमंडळींच्या शिबिरात शिकवण्याजोगा विषय हाच आहे, असं माझं म्हणणं आहे. रंगसंगती, रचना, कल्पकता यांचा नंबर नंतर लागतो, आधी सांधा.

हा प्रश्न एका झटक्यात मिटवणारं साधन आज प्रत्येक शिबिरात असतं. ग्लू गन विजेला जोडायची, ती तापली की वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब टाकायचा, आणि काहीही कशालाही चिकटतं. मग शिकणारीला कागदाविषयी काही कळावं लागत नाही आणि बांबूविषयीही नाही. दोन दिवसांत भिंतीवर टांगण्याजोगं काहीतरी तयार होतं. पण चिकटलेली वस्तू आणि जुळलेली वस्तू यांत फरक असतो, आणि तो दिसायला थोडा काळ जावा लागतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं तेव्हा ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कागदाचंही तसंच आहे. त्याच्या तंतूंना दिशा असते आणि ओला झाला की तो त्या दिशेला आडवा पसरतो. जाणता बुकबाइंडर पुठ्ठा कापण्याआधी तो दोन्ही बाजूंनी वाकवून पाहतो, ते ही दिशा ओळखण्यासाठी; ती चुकली तर पुस्तकाचं कव्हर पुढे वाकडं होतं. हिरवा बांबू वाळताना आकसतो. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. तारेला मात्र ओलाव्याने काही होत नाही. हे सगळे एकाच पाटीवर कायमचे जखडले की जो-तो आपल्या दिशेने ओढू लागतो, आणि भेग, सुरकुती, पोपडा जे काही पडायचं ते सांध्यापाशी पडतं. मिश्र माध्यमातलं काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. म्हणजे ग्लू गन ज्या जागेचा विचार करायची गरजच ठेवत नाही, तीच या कलेची मुख्य जागा आहे.

हे ज्ञान मिळवायला नागपूरकरांना लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगितलं जातं. पिवळी घडते ती जागनाथ बुधवारीत, तऱ्हाणे तेली समाजाच्या हातून. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना जे खुपलं असेल त्याला पुतळ्याचं रूप देणारे. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, त्यावर रंग अशी ही कामं उभी राहतात. कलेच्या पुस्तकात ज्याला मिश्र माध्यम म्हणतात ते इथे शंभराहून अधिक वर्षं रस्त्यावर चाललेलं आहे, आणि फार मोठ्या मापात. पोळ्याच्या दिवसांतली दमट हवा, मधेच येणारी सर, इतवारी-महालकडच्या रस्त्यांवरची गर्दी, वाहून नेताना बसणारे हिसके, एवढं त्या पुतळ्याला सोसायचं असतं आणि त्याच दिवशी जळून जायचं असतं. तेव्हा त्याच्या सांध्यांचं आयुष्य आधीच ठरलेलं आहे. ते एक दिवस टिकले पाहिजेत, पण तो एक दिवस पूर्ण टिकले पाहिजेत. क्षणिक वस्तूचा सांधा निष्काळजी चालतो, असं मानणाऱ्यांनी ही मिरवणूक या नजरेने पाहावी. महालातल्या चितार ओळ या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या मूर्तींनाही हेच लागू आहे. मूर्ती विसर्जनापुरती असते, तरी वाळताना आकसणारी माती आणि आतला न आकसणारा आधार यांच्यातलं भांडण मूर्तिकाराला आधीच मिटवावं लागतं, नाहीतर मूर्ती विकली जाण्याआधीच मानेपाशी तडकते. माती थरांनी चढवायची, एक थर पुरेसा सुकल्यावरच दुसरा द्यायचा आणि तिच्यात तंतू मिसळायचे ते यासाठी.

याहून सुंदर उदाहरण बैलबंडीच्या चाकाचं आहे. तुंबा, आरे आणि बाहेरचं कडं हे सगळं लाकडाचं, आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. ती जाळात लाल होईपर्यंत तापवली की लोखंड प्रसरण पावतं, मग ती चाकावर बसते. बसल्याबरोबर पाणी ओततात, लोखंड आकसतं आणि आऱ्यांचे सगळे सांधे एकाच वेळी आवळले जातात. चिकटवण्यासाठी इथे काहीही वापरलेलं नाही. दोन पदार्थ वेगवेगळ्या कारणांनी हलतात, ही जी अडचण आपण आत्ता पाहिली, तिचाच सुताराने आणि लोहाराने उपयोग करून घेतला आहे. वाळक्या उन्हात लाकूड आकसून धाव सैल झाली की बंडी पाण्यात उभी करण्याचा जुना उपायही याच जाणिवेतून आलेला. तीळसंक्रांतीच्या पतंगात हीच समज अगदी हलक्या वजनात भेटते. कमान वाकवलेली असते आणि कागद तिला त्या वाकात धरून ठेवतो. काडी सुटू पाहते, कागद सुटू देत नाही, आणि त्या ताणातून पतंगाला आकार मिळतो. कागद आणि काडी एकमेकांवर नुसती ठेवून चिकटवली तर पतंग होत नाही. शिबिरात शिकवणारीने पहिल्या दिवशी फक्त एक पतंग सोडवून पुन्हा बांधायला लावला, तरी मिश्र माध्यमाचा पाया घातला गेला असं मी मानेन.

यासाठी डोंगर कशाला हवा? नागपुरात, एखाद्याच्या दिवाणखान्यात, हेच करता येणार नाही का? करता येईल, पण डोंगर इथे नुसता नजाऱ्यासाठी नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. हैदराबाद संस्थानाच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेला आणलं, आणि पुढे वऱ्हाडातले साहेबलोक उन्हाळ्यात गारव्याला इथे येऊ लागले. गाविलगड डोंगररांगेच्या या माथ्यावर कॉफी पिकते, यावरूनच हवेतला फरक लक्षात यावा. पावसाळ्यात तर धुकं इतकं दाटतं की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. हा ओलावा साहित्याला बोलकं करतो. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना गव्हाच्या पिठाची खळ कागदावर पसरेपर्यंत सुकू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्यात तीच खळ दुसऱ्या दिवसापर्यंत ओली राहते आणि तिसऱ्या दिवशी तिला बुरशी धरते. जुने बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत ते बुरशी आणि कसर यांच्यापासून बचाव म्हणून. (मोरचूद विषारी आहे, बरोबर मुलं असतील तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं, रोज ताजी खळ शिजवावी.) डोंगरावर फुगलेल्या अवस्थेत जोडलेली वस्तू खाली नागपूरच्या त्या मानाने कोरड्या हवेत आली की आकसणार, आणि सांधा विचारपूर्वक केला होता की नाही हे महिन्याभरात कळणार. एकाच घरात, एकाच हवेत बसून काम करणाऱ्याला हे दिसायला वर्षाचे ऋतू थांबून पाहावे लागतात. घाट चढून-उतरून ते लवकर दिसतं. म्हणून माझ्या मते अशा शिबिराचा उत्तम काळ पावसाळ्याचा, जो सोयीच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट समजला जातो.

आता मैत्रीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. वर्गात शिकवणाऱ्याला अधिकार असतो. तो गुण देतो, नापास करतो, काम परत करायला लावतो. मैत्रिणींमध्ये हा अधिकार कुणालाच नसतो आणि नसावाही. त्यामुळे अशा शिबिरात प्रत्येक कामावर एकच शेरा पडतो, ‘अगं, किती छान झालंय.’ तो खोटा असतो असं नाही, त्यात माया असते. पण मायेने शिकणं पुढे सरकत नाही. उलट बाजूने कुणी रंगाबद्दल, रचनेबद्दल स्पष्ट बोललं, तर ते त्या व्यक्तीच्या आवडीनिवडीबद्दलचं बोलणं होतं, आणि आवडनिवड ही माणसाच्या फार आतली गोष्ट असते. दोन दिवसांच्या सहलीत तिला हात लावण्याचा अधिकार जुन्या मैत्रीलाही नाही. सांध्याचं तसं नाही. सांधा ओढून पाहता येतो. काम उलटं धरून हलवता येतं, पाण्याचा हात फिरवून तासाभराने बघता येतं. सुटलं तर सुटलं. त्यात कुणाच्या अभिरुचीचा निकाल लागत नाही, आणि जिचं काम सुटलं तीही तो निकाल बांबूचा आणि कागदाचा म्हणून मान्य करते. शिकवणारी आणि शिकणाऱ्या एकाच बाजूला उभ्या राहून समोरच्या वस्तूला प्रश्न विचारू लागतात. मैत्री न दुखावता खरं शिकता येईल अशी जागा हस्तकलेत मला हीच सापडते, आणि मिश्र माध्यमातून मी सांधाच वेगळा काढून विषय म्हणून पुढे ठेवतो त्याचं सगळ्यांत मोठं कारण हे आहे.

जगात डोंगरावर जाऊन हाताने काम शिकवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतला सर्वांत गाजलेला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातला, ॲशव्हिलजवळचा ब्लॅक माउंटन कॉलेजचा. १९३३ मध्ये सुरू झालेली ही छोटी संस्था १९५७ मध्ये बंद पडली. नाझींच्या दडपणाखाली जर्मनीतली बाउहाउस ही कलाशाळा बंद झाल्यावर तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स आणि त्यांच्या पत्नी, विणकर ॲनी आल्बर्स, १९३३ मध्येच इथे आले. आल्बर्स यांचा बाउहाउसमधला एक पाठ त्यांच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवला आहे. ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, एकेक कागद वाटला आणि म्हणाले, यातून काहीतरी करा, कागदाचा मान राखून करा, आणि कात्री-डिंक यांच्याशिवाय जमलं तर अधिक चांगलं. परत येऊन पाहिलं तर कुणी किल्ला केला होता, कुणी होडी. त्यांना पसंत पडला तो नुसती लांब घडी घालून पंखासारखा उभा केलेला कागद, कारण एरवी लोळणारा कागद इथे स्वतःच्या बळावर उभा होता. ब्लॅक माउंटनला त्यांनी हाच अभ्यास पानं, तार, अंड्याची टरफलं अशा मिळेल त्या वस्तूंवर पुढे नेला. १९४० च्या सुमारास ॲनी आल्बर्स यांनी आपल्या ॲलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर, कागदाच्या क्लिपा, मोरीची जाळी अशा वस्तूंचे दागिने केले. मेक्सिकोत मॉन्टे आल्बान इथे सापडलेले प्राचीन दागिने पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. वॉशरला भोक असतं, त्यातून फीत ओवली की हार होतो; क्लिपेला वाक असतो, ती साखळीत अडकते. वस्तूच्या अंगात जी सोय आधीच आहे तिच्यातून सांधा शोधायचा, बाहेरून लादायचा नाही. या कॉलेजच्या इतिहासात पुढे नावाजलेल्या कलावंतांची यादी नेहमी सांगितली जाते. मला त्या यादीपेक्षा हा वॉशरचा हार जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो उद्या नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही दुकानातून सामान आणून करता येईल.

पण आपल्याला दाखला म्हणून कॅरोलायनापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नागपूरपासून पाऊण-शे किलोमीटरवर वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाचा मध्यबिंदू करण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल, कापसाचा आणि साम्राज्याचा इतिहास शिकवता येतो, हा त्यांचा आग्रह होता. त्याआधीच्या डिसेंबरात, १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या तिथल्याच साहित्यातून केली आणि गांधीजींनी तिचं जाहीर कौतुक केलं. या दोन्ही घटनांत एक समान धागा आहे. साहित्य जवळचं असेल, त्याचा स्वभाव ओळखीचा असेल, तर ते केवळ वापरायची वस्तू राहत नाही, विचार करायला लावतं. नई तालीमची शाळा म्हणून पुढे काय गत झाली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. तिच्यातली ही समज मात्र सुट्टीतल्या शिबिरालाही तितकीच लागू पडते.

इथे कुणीही म्हणेल की सुट्टीवर आलेल्या बायकांना नई तालीम कशाला? वर्षभर ऑफिस, घर, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्या माणसांची औषधं. त्यातून दोन दिवस काढून त्या डोंगरावर आल्या आहेत. त्यांना हसू द्या, रंग उधळू द्या, काहीतरी गोड घेऊन घरी जाऊ द्या. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विश्रांतीची गरज खरी आहे आणि तिच्यावर कुणी शिस्तीचा बडगा उगारू नये. पण विश्रांती कशाने मिळते याचाही विचार करायला हवा. तयार संचातले तुकडे आखलेल्या जागी चिकटवताना हात चालतात, मन मात्र ऑफिसातच असतं. लक्ष गुंतवेल असं त्या कामात काही नसतं. बांबूची कामटी किती वाकेल आणि कुठे मोडेल हे बोटांनी जोखताना मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. थकलेल्या माणसाला सोपं काम दिलं की तो ताजा होतो, हा समज मला चुकीचा वाटतो. त्याला पूर्ण गुंतवणारं आणि निकालाची धास्ती नसलेलं काम द्यावं लागतं. सांध्याच्या कामात या दोन्ही गोष्टी आहेत, फक्त एक पथ्य पाळायला हवं. शिबिराच्या शेवटी प्रत्येकीकडे पुरी झालेली वस्तू असलीच पाहिजे हा हट्ट सोडावा लागतो. एकीने दोन दिवसांत नुसते पाच प्रकारचे सांधे करून पाहिले आणि ते सुतळीत ओवून नेले, तरी ती रिकाम्या हाताने गेली असं म्हणू नये.

दुसरा आक्षेप कारागिरीच्या बाजूने येतो: खळ, सुतळी, डिंक यांचं एवढं कौतुक कशाला, नवे गोंदही माणसाच्या बुद्धीचंच फळ आहे. खरं आहे. बाजारातला पांढरा गोंद लाकडाला उत्तम धरतो, आणि सुतार तो वापरतो तेव्हा सांधा आधी खाच पाडून बसवतो, मग गोंद लावतो. तिथे गोंद हा सांध्याचा सोबती असतो. माझी तक्रार गोंदाविरुद्ध नाही, त्याने सांध्याची जागा घेण्याविरुद्ध आहे. शिकण्याच्या काळात खळीला पसंती देण्याचं माझं कारण वेगळं आहे: खळ उलटवता येते. जगभरच्या संग्रहालयांत जुने कागद आणि हस्तलिखितं दुरुस्त करणारे तज्ज्ञ आजही गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण उद्या कुणाला आपलं काम सोडवावंसं वाटलं तर ओलाव्याने ते सुटलं पाहिजे, हा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. शिकणाऱ्यालाही हीच सवलत हवी. खळीने लावलेला कागद चुकला तर ओल्या कपड्याने सोडवून पुन्हा बसवता येतो. धावड्याचा किंवा बाभळीचा डिंकही पाण्याला मान देतो. ग्लू गनचा थेंब सोडवायला गेलं तर कागद फाटून येतो. शिवाय तो नागपूरच्या उन्हाला पुरा पडत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतली हवा साठ अंशांच्या आसपास जाऊ शकते, आणि त्या तापमानाला हा थेंब पुन्हा मऊ पडू लागतो. डोंगरावरून हौसेने आणलेली वस्तू परतवाडा-अमरावतीच्या वाटेवर, चहाला थांबल्या जागी, डिकीतच गळून पडू शकते.

दोन दिवसांत सांधा येतो कुठे, असंही विचारलं जाईल. बांबूकाम करणाऱ्या बुरूड घरातलं पोर लहानपणापासून कोयता धरतं तेव्हा कुठे त्याची कामटी सरळ निघते. हे मान्यच करायला हवं: दोन दिवसांत हात तयार होत नाही. पण नजर तयार होऊ शकते. ज्या बाईने एकदा स्वतः बांबूला खिळा ठोकून तो तंतूच्या रेषेत उभा फाटताना पाहिला, ती पुन्हा टोपल्याकडे किंवा सुपाकडे पाहते तेव्हा तिथे एकही खिळा का नाही हे तिला समजतं. काठ कसा वळवून बांधला आहे, कामटीची सालीकडची बाजू बाहेर का आहे, हे तिला दिसायला लागतं. इतवारीत सूप विकत घेताना ती वीस रुपयांसाठी घासाघीस करणार नाही, अशी मला आशा वाटते.

पण इथूनच सर्वांत गंभीर आक्षेप सुरू होतो, आणि तो चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात बसून टाळता येत नाही. इथल्या गावांत कोरकू आदिवासी राहतात. विदर्भभर बुरूड समाजाचं पोट बांबूवर आहे. शहरातून आलेल्या मंडळींनी ज्याला छंद म्हणून दोन दिवस हात लावायचा, ते दुसऱ्याचं रोजचं पोटापाण्याचं काम आहे. साहित्याचा प्रश्नही साधा नाही. अभयारण्याच्या हद्दीतून परवान्याशिवाय काही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, मग ते पडलेलं पान असो की साळिंदराचा काटा. फिरताना पिशव्या भरून शेंगा-साली गोळा करण्याची हौस तिथे चालणार नाही. बांबूचा इतिहास तर आणखी बोचरा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते गवत, पण कायद्याच्या लेखी ते झाड होतं. जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूपुरती ही व्याख्या २०१७ मध्ये बदलली. जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क मिळवायला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २०११ पर्यंत झगडावं लागलं, तेव्हा कुठे ग्रामसभेच्या हाती वाहतुकीचे पास आले. ज्या काडीसाठी लोकांनी एवढं सोसलं, ती आपण फुकटच्या सजावटीची वस्तू समजून वापरू नये. बांबू विकत घ्यावा, कुणाकडून घेतला ते ठाऊक असावं, आणि शिबिराच्या हिशोबात त्याची किंमत वेगळी लिहिलेली असावी.

म्हणून मी अशा शिबिराची आखणी अशी करीन. धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र गेली कित्येक वर्षं कोरकू आणि इतर स्थानिक लोकांबरोबर बांबूचं काम करत आलं आहे. तिथल्या किंवा जवळच्या गावातल्या एखाद्या जाणत्या कारागीर बाईंना पहिल्या दिवसासाठी बोलवावं. तासाभराचं प्रात्यक्षिक आणि टाळ्या यासाठी नको, पूर्ण दिवस शिकवण्यासाठी. मानधन त्या सांगतील तेवढं द्यावं, आणि शहरात हस्तकलेच्या एका दिवसाच्या वर्गाला शिक्षक जेवढं घेतात त्याहून ते कमी नसावं. त्या दिवशी शिकवणाऱ्या मैत्रिणीने बाकीच्यांच्या ओळीत बसावं आणि कामटी काढण्यापासून सुरुवात करावी. कागद, कापड, खळ हा तिचा विषय दुसऱ्या दिवशी सुरू होईल, तोवर आदल्या दिवशी बांधलेल्या सांगाड्यांनी रात्रभर धुक्यातलं पाणी प्यायलेलं असेल, आणि कुणाची गाठ सैल झाली, कुणाची आवळली, हे पाहूनच तिला पाठ ठरवता येईल. तिसऱ्या दिवशी, निघण्याआधी, एक पतंग, एक वॉशरचा हार आणि एक बांबूची चौकट एवढ्याच वस्तू सगळ्यांनी मिळून करायच्या, प्रत्येकीने वेगळी नाही. त्या वस्तू एकीच्या घरी नागपुरात ठेवायच्या, कूलरच्या झोताजवळ एक महिना आणि मग उघड्या गच्चीवर एक महिना, आणि पुढच्या वेळी घाट चढताना त्या बरोबर न्यायच्या, म्हणजे कोणता सांधा कुठे हरला याची चर्चा गाडीतच सुरू होईल.